कप्तानाला हाक मारायची राहिली

त्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन घराबाहेर पडली, ती नुसती कपड्यांची मापं द्यायला. काम साधं होतं. शिंप्यापुढे त्यानं हात पसरून उभं राहायचं, तिनं बाकावर बसून चहा प्यायचा आणि परत यायचं. येताना भाजी आणायची होती, म्हणून पर्समध्ये कापडी पिशवीही घडी करून ठेवली होती. घरातून निघताना कोणाला काय ठाऊक असतं म्हणा!

आता नवरा म्हणजे कोण, तर कप्तान. अंतराळात नवं घर शोधत भटकणाऱ्या एका नौकेची ती मालिका. इतकी वर्षं चालली होती की पहिल्या भागात रांगणारं पोर आता त्याच नौकेचं इंजिन दुरुस्त करत होतं. त्या नौकेचा पहिला कप्तान तो. तो पडद्यावर हसला की घरोघरची माणसं हसायची, त्यानं भुवई चढवली की पोरं पांघरुणात शिरायची. मग नऊ वर्षांपूर्वी त्यानं मालिका सोडली. लेक मोठी होत होती आणि बाप तिला टीव्हीतच भेटत होता, म्हणून सोडली. गोष्टीत असं दाखवलं की नौका वाचवण्यासाठी कप्तान शेवटच्या दारातून बाहेरच्या पोकळीत निघून गेला. मेला असं काही कोणी म्हटलं नाही. लेखक मंडळी हुशार असतात, दार कधी पुरतं लावून घेत नाहीत.

त्याच्यानंतर दोन कप्तान आले. एकाचं नाक बरं होतं, दुसऱ्याचा आवाज. लोकांनी दोघांनाही गोड मानून घेतलं नाही. अखेर मालिकेला घरघर लागली, तेव्हा मालकांचा फोन आला.

"वहिनी, त्याला परत आणायचंय. लोक अजून वाट बघतायत हो त्याची."

"मीही बघतेय," ती म्हणाली. मालकांना तो विनोद वाटला आणि ते मोठ्यानं हसले.

विनोद नव्हता तो. दातांच्या डॉक्टरांना ती कवळ्या करून द्यायची. खऱ्या दातांच्या रांगेत खोटा दात असा बसवायचा की कोणाला पत्ता लागू नये, हा तिचा धंदा. मालिका सोडून जो माणूस घरी आला, त्याच्यातही काहीतरी असंच खऱ्याच्या जागी बसवलेलं आहे, हे तिला पहिल्याच आठवड्यात जाणवलं. चेहरा तोच, चाल तीच. पण आधीचा तिला चारचौघांत "काय गं दातवाली" म्हणून हाक मारायचा. अंघोळ करताना चुकीच्या शब्दांची गाणी म्हणायचा. भांडला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे आणि हसला की उघडायचे. हा हसत नव्हता, गात नव्हता, भांडत तर मुळीच नव्हता. तिला नावानं हाकही मारत नव्हता. नुसतं "अगं". डॉक्टर म्हणाले, काम सुटलं की माणसाचं होतं असं, येईल गाडी रुळावर. आली नाही.

तसा वाईट काहीच नव्हता तो. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वयंपाक शिकला आणि शिकताना कुकरच्या वाफेनं मनगट भाजून घेतलं, तो डाग कायमचा राहिला. तिची आई शेवटची अंथरुणाला खिळली तेव्हा लेकीपेक्षा जावयानंच तिला जास्त भरवलं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन यायचा, "जेवलीस का?" हो म्हटलं की ठेवून द्यायचा. संध्याकाळी ती बसमधून उतरली की हा थांब्यावर उभा असायचा. बायका म्हणायच्या, नशीब काढलंस गं. ती हो म्हणायची. आणि घरी येऊन आवाज अगदी बारीक करून मालिकेचे जुने भाग लावायची. हा शेजारी बसून मटार सोलत असायचा, आणि ती पडद्यावरच्या त्याच्यासाठी झुरत असायची. नऊ वर्षं ती दुधाची तहान ताकावर भागवत होती.

स्टुडिओतल्या शिंप्यानं मापं घेतली. ती चहाचा कप ठेवते तोच कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "वहिनी, जरा इकडे येता का?"

ते सुतारकाका होते. नौकेची फळीन् फळी त्यांनीच ठोकलेली. त्यांच्यामागून ती आत गेली. स्टुडिओला खिडक्या नसतात. बाहेर भर दुपार असली तरी आत रात्रच असते. सरस, रंग आणि तापलेल्या दिव्यांवर जळलेली धूळ, असा तिथे एक वास होता. नवरा दमून घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला हाच वास यायचा, हे तिला एकदम आठवलं.

पुढे प्लायवुडची चंदेरी भिंत होती आणि तिच्यात एक सरकतं दार. दोरी ओढली की उघडायचं.

"हे शेवटचं दार," सुतारकाका म्हणाले आणि त्यांनी दोरी ओढली. आत हातभर रुंदीची फट होती. एका अंगाला प्लायवूड, दुसऱ्या अंगाला स्टुडिओच्या भिंतीवर सोडलेलं काळं कापड. खाली एक लाकडी स्टूल. "आणि हे आमचं अंतराळ."

तिला हसू आलं. ते हसले नाहीत.

"फार पूर्वी एक नट आत असतानाच कोणीतरी दिवे बंद केले. अंधारात वायरीत अडकून पडला, पाय मोडून घेतला. तेव्हापासून मी नियम केला. या दाराआड जो जाईल, त्याला हाक मारायची. त्यानं 'आलो' म्हणायचं, दारातूनच बाहेर यायचं. मगच दिवे बंद. आजवर कधी चुकलं नाही." ते थांबले. "एकदाच चुकलं."

"कधी?"

"त्याच्या शेवटच्या दिवशी. सगळे रडत होते, केक आणला होता. हा दारातून आत गेला, टाळ्या पडल्या. आणि मग हा पठ्ठ्या गंमत म्हणून कडेच्या कापडाखालून सटकला आणि सगळ्यांच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. असा हशा पिकला! मीही हसलो, वहिनी. हसता हसता दिवे बंद केले. हाक मारायची राहिली."

"मग?"

"सकाळी दिवे लावायला मी सगळ्यांच्या आधी येतो. कधी कधी दारामागून गाणं ऐकू येतं... त्याच्या आवाजात. दार उघडून बघतो, तर नुसतं स्टूल."

"कसलं गाणं?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"कसलं म्हणजे... शब्द सगळे चुकीचे असतात."

दुसरी एखादी असती तर तिची पाचावर धारण बसली असती. हिच्या मात्र जिवात जीव आला. तिनं सुतारकाकांचे दोन्ही हात धरले. "या वेळी हाक मारा," ती म्हणाली. "काही झालं तरी मारा." त्या दिवशी भाजी आणायची राहूनच गेली.

चित्रीकरणाच्या दिवशी तिनं कामावर रजा टाकली. नऊ वर्षांत पहिल्यांदा आरशासमोर अंमळ जास्तच रेंगाळली. सेटवर सगळी माणसं नुसती त्याच्याकडे बघत होती. दिग्दर्शिका तर मालिका बघत लहानाची मोठी झालेली, तिला त्याच्याशी बोलताना शब्दच सुचेनात. त्याचे केस काळे केले होते, चेहऱ्यावर रंगाचा थर होता. गणवेशाची कॉलर नीट करायला ती पुढे झाली.

"अगं, जमेल ना मला?" त्यानं विचारलं.

"जमेल."

"तू इथंच असशील ना?"

"इथंच आहे रे. जा तू."

कडेचं कापड उचलून तो वाकून आत गेला. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग सगळं चिडीचूप. दिग्दर्शिकेनं मान हलवली. सुतारकाकांनी दोरी हातात घेतली आणि आयुष्यभराची राहिलेली हाक मारावी तशी मोठ्यानं हाक मारली.

"कप्तान, या हो!"

आत क्षणभर काहीच नाही. मग...

"आलो!"

त्या एका शब्दानं तिच्या अंगावर काटा आला. दार सरकलं. तो बाहेर आला, आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर हसला. तेच हसू. संवाद त्यानं एका दमात म्हटले. दिग्दर्शिका "कट" म्हणायचं विसरून रडत बसली. टाळ्यांचा गडगडाट झाला, लोक त्याच्याभोवती गोळा झाले. त्या गर्दीतून त्याची नजर नेमकी तिच्यावर आली आणि त्यानं दोन्ही हात पसरले.

"काय गं दातवाली! अशी का बघतेस? भूत बघितलंस की काय?"

ती धावणारच होती. एवढ्यात, अगदी कानाशी, लाकडापलीकडून कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"अगं... येऊ का?"

तिचा पाय जागच्या जागी थिजला. दोरी अजून सुतारकाकांच्या हातात होती. त्यांनीही ऐकलं होतं. ते तिच्याकडे बघत राहिले.

"वहिनी," ते कुजबुजले, "आत अजून कोणीतरी आहे... तुम्ही म्हणाल तर हाक मारतो."

तिनं एकदा दाराकडे पाहिलं. एकदा नवऱ्याकडे. तो हात पसरून उभा होता आणि हसत होता. नऊ वर्षं ज्याच्यासाठी जीव तळमळला, तो पाच-सहा पावलांवर उभा होता. आतला बाहेर आला आणि हे हसू पुन्हा विरून गेलं तर?

"कोणी नाही आत," ती म्हणाली. "दिवे बंद करा."

चार दिवस घर नुसतं भरून गेलं होतं. सकाळी न्हाणीघरातून चुकीच्या शब्दांची गाणी ऐकू यायची. तो शेजाऱ्यांशी भांडला, तासाभरात त्यांच्याच गच्चीवर गप्पा छाटत बसला. ती इतकी हसली की हसण्याची सवय मोडलेले तिचे गाल दुखून आले. केसांचा काळा रंग धुतला तरी खाली पांढरा केस सापडेना, तेव्हा तिनं त्याकडे काणाडोळा केला. सुखाला नावं ठेवू नयेत.

मग एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "पोरगी कुठाय गं? अजून शाळेतून आली नाही?"

लेक दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. मागच्याच वर्षी तिचं लग्न झालं होतं, आणि पाठवणीच्या वेळी बाप दाराच्या कडीला धरून उभा होता, कडी सोडवेना त्याला. तिनं हे सांगितलं तसं तो "अरेच्चा!" म्हणाला आणि मनापासून हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. थोड्या वेळानं बाहेर येऊन तिनं त्याचा हात हातात घेतला आणि मनगट उलटं करून पाहिलं. कातडी स्वच्छ होती. भाजल्याचा डाग नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि फोन समोर ठेवला. तो वाजला नाही. आदल्या दिवशीही वाजला नव्हता, त्याच्या आदल्या दिवशीही नाही. शेजारची बाई म्हणाली, जेव की, कोणाची वाट बघतेस? तिनं डबा बंद केला. संध्याकाळी बसमधून उतरली, थांबा रिकामा होता. आणि तिथे, भर रस्त्यात, तिला कळलं की नऊ वर्षं ज्याला ती उरलंसुरलं समजत होती, तो पुरा माणूस होता. तिचं दुखणंखुपणं, तिचं सुतक, तिची दमलेली संध्याकाळ, सगळं त्यानं उचललं होतं. हातचं सोडून ती पळत्याच्या पाठी लागली होती. ती थांब्यावरच्या बाकावर बसून हमसाहमशी रडली.

सकाळी नवरा चहा पिताना म्हणाला, "मला दोन संवाद परत म्हणायला बोलावलंय. आज जुना सेट मोडतायत म्हणे. माझ्यासाठी नवी नौका बांधणार. आहेस कुठं!"

तिच्या हातून बशी निसटली. "मी येते," ती म्हणाली.

स्टुडिओत पोचल्यावर तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेला आणि ती धावतच सेटवर आली. अर्धी नौका उतरवून झाली होती. शेवटच्या दाराची भिंत तेवढी उभी होती. सुतारकाका त्या भिंतीपुढे हातोडी घेऊन बसले होते. त्यांना पुढे जाववत नव्हतं.

"आहे का आत?" तिनं विचारलं.

"रोज सकाळी विचारायचा, येऊ का म्हणून. मी हाक मारली, वहिनी, देवाशपथ मारली. माझ्या हाकेला नाही येत. तुम्ही नाही म्हणालात ते ऐकलंय त्यानं." त्यांनी मान खाली घातली. "कालपासून तर विचारतही नाही."

ती दाराशी गेली. लाकडाला ओठ लावून तिनं हाक मारली. लग्न झाल्यापासून चारचौघांत कधी न उच्चारलेलं त्याचं नाव घेऊन मारली. उत्तर आलं नाही. मग तिनं पर्स खांद्यावर सारखी केली, कडेचं काळं कापड उचललं आणि वाकून आत गेली.

आत अंधार होता आणि गार होतं. तिनं चाचपडत चार पावलं टाकली. फट तर जेमतेम पाच पावलांची असेल. पण हात पुढे करून ती चालत राहिली, चालत राहिली, आणि शेवटी कुठेतरी तिच्या बोटांना गणवेशाचं जाड कापड लागलं.

"तू कशाला आलीस आत?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "अंधार आहे इथं. पडशील."

तिनं त्याचा हात शोधला. मनगटावरचा डाग बोटांना खरखरीत लागला. ती त्या डागावर कपाळ टेकून राहिली.

"चल घरी."

"घरी तो आहे ना?"

"असू दे."

"हसतो का गं तो?"

"हसतो."

"गातो?"

"हो..."

"मग झालं तर," तो म्हणाला. "मला तेवढं जमलं नाही कधी. फार वाटायचं, जमावं."

तिला रडू आवरेना. "मला तुम्ही दोघंही हवे आहात रे," ती म्हणाली. "एकाला सोडून नाही राहता येत मला. काय करू, सांग?"

तेवढ्यात लाकडापलीकडे पावलं वाजली आणि तो दुसरा, खणखणीत आवाज आला.

"अगं दातवाली! आत काय करत बसलीस? काम झालं माझं. ये बाहेर!"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. थांब, म्हणणार होती. एकटी नाही येणार, म्हणणार होती.

"आले!" कोणीतरी म्हणालं.

आवाज तिचा होता. शब्द तिच्या तोंडून आला नव्हता.

दार सरकलं. उजेडाची एक उभी पट्टी आत पडली, आणि तिला घासून, तिच्यासारखीच पर्स खांद्यावर लावलेली एक बाई पुढे झाली. चाल तिचीच, पण कंबर न दुखणाऱ्या दिवसांतली. बाई उजेडात गेली. नवरा काहीतरी बोलला आणि बाई खळखळून हसली. दोघं हातात हात घालून निघाली. त्यांच्यामागे सुतारकाका बाईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. मग दार बंद झालं.

इकडे ती ओरडली. जीव खाऊन ओरडली, दारावर मुठी आपटल्या. प्लायवूडच ते, एका धक्क्यात हलायला हवं होतं. हललं नाही, आवाजही झाला नाही.

"दमशील," तो मागून म्हणाला. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. त्यानं अर्धी जागा करून दिली होती. "ये, बस."

ती बसली. तिच्या खांद्याला त्याचा खांदा लागला. कित्येक दिवसांत अशी कोणाला टेकून ती बसली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या भयातही तिला क्षणभर बरं वाटलं.

बाहेर सुतारकाकांनी, बाई परत आली असं धरून बहुधा, हाक न मारताच पहिला खिळा उपटला. पत्र्याच्या डब्यात तो टणकन पडला. मग दुसरा. मग करकरत एक फळी सुटली आणि जमिनीवर आदळली. ती उठून उभी राहिली. आता भिंत गेली की उजेड येणार, काका आपल्याला बघणार. दुसरी फळी पडली. तिसरी पडली. दार त्याच्या चौकटीसकट उचलून नेल्याचं तिनं कानांनी ऐकलं. कोणीतरी जमीन झाडली, सामान गाडीत चढलं, शीळ घालत माणसं निघून गेली.

सगळ्या फळ्या निघाल्या होत्या. अंधार होता तसाच होता, आणि तो आता तिच्या हाताच्या टप्प्यात कुठेच संपत नव्हता.